फिक्या रंगाच्या साड्या

शांतवन सर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते असे: "काल आमटी होती ना जेवायला?"

राहुरीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही नुकत्याच भाड्याने घेतल्या होत्या. मला कृषी विद्यापीठात नवी नोकरी लागलेली, नवरा नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये. सामान लावण्यापासून कपडे धुण्यापर्यंत सगळं घाईघाईत चाललं होतं. मी गच्चीवर पांढरा कुर्ता वाळत घालत होते आणि सर मागे केव्हा येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. उंच, सडसडीत, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, हातात चिमट्यांची परडी. घरमालक म्हणून पाण्याच्या मोटारीबद्दल काहीतरी सांगतील असं वाटलं, पण त्यांची नजर कुर्त्यावरून हलत नव्हती.

"हो. पण तुम्हाला कसं कळलं?"

"साबण लावल्यावर डाग लाल झाला असेल. घाबरलात?"

खरंच घाबरले होते. पिवळा डाग घासता घासता रक्तासारखा लाल झाला, तेव्हा मी कुर्ता बादलीत टाकून दोन पावलं मागे सरले होते.

"हळदीला साबण लागला की ती लाल होते. धुतली की लाली जाते, उरलेलं पिवळं ऊन खातं. पण हे बघा," बोट न लावता त्यांनी दाखवलं, "हे तेल. ते तसंच राहिलंय. आधी तेल काढायचं, मग हळद. आणि या कोपऱ्यात नका घालू, थोड्या वेळात इथे टाकीची सावली येते. तिकडच्या कठड्याला घाला."

एवढं बोलून ते आपल्या कामाला लागले. परडी खाली ठेवली आणि एक मोतिया रंगाची सुती साडी दोरीवर टाकली. काठ जुळवले, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या, चिमटे लावले. मग दोन पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून, साडीच्या पदराकडे कितीतरी वेळ बघत राहिले. नकाशात एखादं गाव शोधावं तसे.

ते भूगोलाचे शिक्षक होते हे मला नंतर कळलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावात निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलेलं. गच्चीवर कोणत्या महिन्यात कुठे किती ऊन येतं हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या शर्टाच्या खिशात अजूनही खडू असायचा. मला वाटलं, सवय सुटली नसेल. पण एका लग्नात पंगतीत कुणाच्या तरी सदऱ्यावर भजीचं तेल सांडलं, आणि तो चांगला मिशाळ माणूस विद्यार्थ्यासारखा उठून सरांपुढे येऊन उभा राहिला: "सर, खडू." सरांनी डागावर खडू अलगद फिरवला, चांगला पांढरा थर बसू दिला आणि म्हणाले, "झटकू नको. घरी जाईपर्यंत तेल पिऊ दे त्याला." तो माणूस छातीवर पांढरा चौकोन घेऊन निवांत जिलेबी खायला गेला.

मागच्या अंगणात शेवग्याच्या झाडाखाली धुण्याचा दगड होता. त्याच्या बाजूला एक बुटकं स्टूल आणि भिंतीतल्या कोनाड्यात जामच्या जुन्या बाटल्या: खायचा सोडा, व्हिनेगर, बेसन, टाल्कम पावडर, भांड्यांचं लिक्विड. दोन-तीन झिजलेले टूथब्रश. सकाळी सात-साडेसातला सर तिथे बसत. गल्लीतल्या बायका हातात कपडा घेऊन फाटकाशी येत आणि सर आधी एकच प्रश्न विचारत: "काय सांडलं?" मग दुसरा: "गरम पाणी लावलंत का?"

बाई "हो" म्हणाली की ते मान हलवत. "गरम पाणी आणि इस्त्री. दोघं मिळून डागाला पर्मनंट करतात. दूध, अंडं, काहीही असो, आधी गार पाणी."

घासणाऱ्या माणसावर त्यांचा राग होता. "टिपा, घासू नका. आणि बाहेरून आत या. मधून सुरुवात केलीत तर डाग तालुक्याचा जिल्हा होतो." हे सगळं वर्गात सांगावं तशा संथ आवाजात. कुणाला घाई असली तरी त्यांच्या आवाजाची गती बदलत नसे.

पण हे सगळं त्यांनी गल्लीसाठी शिकलेलं नव्हतं.

आत, समोरच्या खोलीत, रूथबाई बसत. सरांच्या पत्नी. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मी त्यांना पाहिलं तेव्हा कंपवाताने त्यांचे दोन्ही हात सतत थरथरत असत, पण पाठ ताठ, अंबाडा नेटका, खांद्यावर पिन लावलेली आणि साडी नेहमी फिक्या रंगाची. मोतिया, लिंबाचा पिवळा, पाणी टाकून उजळवल्यासारखा निळा. त्यांच्या शाळेतल्या मुली म्हणे लांबून रंग ओळखून सांगायच्या, आज कोणता वार आहे ते.

आजार सुरू झाला तेव्हाची गोष्ट मला त्यांची मुलगी एस्तेर हिने सांगितली. ती नगर जिल्ह्यातल्याच, डोंगराकडच्या अकोल्याला शिक्षिका होती, महिन्यातून एकदा यायची. आईचा हात घास तोंडाशी नेताना हलू लागला आणि प्रत्येक जेवणानंतर अंगावर काही ना काही पडायला लागलं. बाईंनी आधी आमटी बंद केली. मग भात बंद केला. पोळी आणि कोरडी भाजी. मग पाहुणे आले की "मी मागाहून जेवते" म्हणू लागल्या. चर्चला जाणं कमी झालं, कारण उपासना झाल्यावर चहा असतो. शेवटी त्यांनी एस्तेरला फोन करून सांगितलं, मला गाऊन आण, गडद रंगाचे, डाग दिसणार नाहीत असे.

"मी आणले," एस्तेर म्हणाली. "मरून आणि चॉकलेटी. मला वाटलं, तिची सोय होईल. आठ-पंधरा दिवसांनी पप्पांचा फोन आला. म्हणाले, तुझी आई माझ्या चुका काढत नाही गं हल्ली."

पुढचं सर स्वतः सांगत, आणि फार थोडक्यात. त्यांनी ते गाऊन घडी करून पिशवीत भरले आणि बाईंचं कपाट उघडलं. बाई म्हणाल्या, "डाग दिसतील." सर म्हणाले, "दिसू देत. दिसले तर काढता येतील. या चॉकलेटी कापडावर डाग नाहीत असं थोडंच आहे? दिसत नाहीत एवढंच." बाई म्हणाल्या, "रोज कोण काढणार?" सर म्हणाले, "डाग माझ्याकडे. तू जेव."

त्यांना तेव्हा काहीही येत नव्हतं. आयुष्यात रुमालसुद्धा धुतला नव्हता. पहिल्याच आठवड्यात बाईंच्या आवडत्या अबोली साडीवर वरण सांडलं आणि सरांनी दुकानातून ब्लीचची बाटली आणून डागावर ओतली. हळद गेली. तिच्याबरोबर अबोली रंग गेला, आणि सर घासत राहिल्यामुळे कापडही विरलं. ते भोक घेऊन सर बाईंसमोर जाऊन उभे राहिले. बाई कितीतरी महिन्यांनी हसल्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, "भूगोलाच्या माणसाने रसायनात शिरायचं कशाला?" मग त्यांनी कातरी मागवली, सरांकडून त्या साडीचे रुमालाएवढे तुकडे करून घेतले आणि "हे टिपायला घ्या" म्हणाल्या. मी पाहिलं तेव्हा सर त्याच तुकड्यांनी टिपत असत, अधूनमधून अबोली राहिलेल्या.

शेजारी हिराबाई राहत. त्यांची शेती गावाबाहेर होती, घर आमच्या भिंतीला लागून. मोठ्या आवाजाच्या, मोठ्या मनाच्या. त्यांच्या धाकटीचा, मनीषाचा, साखरपुडा झाला त्याच संध्याकाळी त्या फाटक उघडून आत आल्या, हातात सासरकडून आलेली रेशमी साडी.

"आवो सर, बघा की! लई वंगाळ झालं. शिपी आमटीची आख्खी वाटी पडली पदरावर. आन् उद्या सकाळी तिची सासू येनार हाय, म्हनली, साडीवर ब्लाऊज शिवायचं माप द्यायचं हाय."

सरांनी साडी उजेडात धरली. नगरकडची शिपी आमटी म्हणजे वर लाल तर्री तरंगते. डाग पसरून तळहाताएवढा झाला होता.

"हिराबाई, हे रेशीम आहे. इथे मी हात लावणार नाही. पावडर टाकून ठेवतो, तेवढं तेल ओढेल. बाकी नगरला ड्रायक्लीनवाल्याकडे द्या, आणि काय सांडलं ते त्याला नीट सांगा."

"आन् सासूला काय सांगू?"

"आमटी सांडली म्हणून."

"न्हाई वो न्हाई! पैल्याच दिशी? काय म्हनतील त्या? मी आपली सांगते, साडी पेटीत ठिवलीय, किल्ली घावना."

आतून रूथबाईंचा आवाज आला. आजारात तो बारीक झाला होता, पण अजून मुख्याध्यापिकेचा होता. "हिराबाई, किल्ली किती वर्षं हरवून ठेवणार?"

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या तेव्हा हिराबाईंनी सरांना हट्टाने बोलावून घेतलं, जणू वकील. मीही भिंतीच्या अलीकडून कान देऊन होते. हिराबाईंनी साडी पुढे ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मग सासूबाईंनी पदर उलटासुलटा करून पाहिला.

"आमटी कुनी वाढली हुती?"

हिराबाई चाचरल्या. आतून मनीषाच म्हणाली, "त्यांनीच. वाटी द्यायला गेले न् फोटोवाल्यानं हाक मारली."

"आमच्या राहुलनं?" सासूबाई म्हणाल्या. "मंग त्यालाच धाडा नगरला साडी घिऊन. त्याला कळू द्या."

हिराबाईंचं हसणं मग पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. राहुल खरंच मोटारसायकलवर साडी घेऊन नगरला गेला. डाग बराचसा गेला, थोडा राहिला, आणि लग्नात मनीषा ती साडी नेसली तेव्हा हिराबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून तो दाखवत होत्या.

रूथबाईंच्या शाळेच्या जुन्या मुलींनी मेळावा ठरवला, त्या वर्षीची गोष्ट मात्र मी अजून विसरलेले नाही. मुली कसल्या, कुणी नर्स, कुणी शिक्षिका, कुणी आजी झालेली. बाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. कार्यक्रमानंतर शाळेच्या पटांगणात जेवण. बाई जायला तयार नव्हत्या. "भाषण करीन. जेवणार नाही," म्हणाल्या. सरांनी वाद घातला नाही. कपाटातून हस्तिदंती रंगाची, निळ्या काठाची साडी काढून पलंगावर ठेवली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग मला हाक मारली, "वैशाली, निऱ्या करायला ये."

त्यांना धरून न्यायला म्हणून मीही बरोबर गेले. भाषण सुंदर झालं. जेवणाच्या वेळी मुलींनी त्यांना सोडलंच नाही, ओढून आपल्यात बसवलं. समोरच्या रांगेत सर आणि आणखी काही पुरुष मंडळी. पहिले काही घास नीट गेले. बाई कुणाच्या तरी जुन्या खोडीची आठवण सांगत होत्या, रंगात आल्या होत्या, आणि त्या भरात त्यांनी रश्श्याची वाटी उचलली. वाटी थरथरली, कलंडली आणि सगळा रस्सा मांडीवर गेला. हस्तिदंती साडीवर लालभडक.

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. एक जण कागद आणायला धावली. दुसरी म्हणाली, "बाईंना आत घेऊन चला, साडी बदलून देऊ." तिसरीने आपला टॉवेल काढून बाईंच्या गळ्याशी धरला, लहान मुलाला बांधतात तसा. बाईंनी मान खाली घातली. त्यांचे हात आता फारच हलत होते. मी उठायला लागले.

सर उठले नाहीत. त्यांनी समोरून बाईंकडे पाहिलं. बाईंनीही मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग सर रोजच्या आवाजात म्हणाले, "डाग माझ्याकडे. तू जेव." आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला.

बाईंनी गळ्याशी धरलेला टॉवेल हळूच बाजूला केला. कागद आणायला गेलेली परत आली होती, तिला म्हणाल्या, "सुशीला, कागद राहू दे. रस्सा वाढ. थोडाच वाढ, म्हणजे सांडला तरी थोडाच सांडेल."

मग बायका हसायला लागल्या, बाईसुद्धा, आणि जेवण पुढे सुरू झालं. साडीवरचा डाग तसाच घेऊन बाई शेवटपर्यंत बसल्या. फोटोतही बसल्या.

परतताना रिक्षात बाई डुलक्या घेत होत्या. मी सरांना विचारलं, "तुम्ही उठला का नाहीत?"

"उठलो असतो तर तीही उठली असती," ते म्हणाले. मग म्हणाले, "ती भाकरी पाण्याबरोबर गिळली मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दगडापाशी बसले ते दुपारपर्यंत. आधी तेल, मग मिरचीचा लाल रंग, मग हळद. साडी दोन-तीन दिवस उन्हात घातली. डाग गेला.

त्यानंतर बाईंचा आजार पायरीपायरीने वाढत गेला. साडी नेसवणं जड जाऊ लागलं, तेव्हा सरांनी शिंप्याकडून गाऊन शिवून घेतले, तेही फिके. आता सर भरवत. पुढे जेवण मिक्सरमधून काढून देऊ लागले. मी संध्याकाळी कामावरून आले की खालून सरांचा आवाज ऐकू येई, बाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवत असायचे, आणि बाई मध्येच त्यांचा एखादा उच्चार दुरुस्त करायच्या.

एका सकाळी सर गच्चीवर आले. दोरीवर चार गाऊन घातले. नेहमीसारखे मागे सरून बघू लागले, पण लगेच थांबले. मी कुंडीला पाणी घालत होते.

"या आठवड्यात एकही डाग नाही, वैशाली," ते म्हणाले.

मी आनंदाने काहीतरी बोलणार होते. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि समजलं. बाईंचं खाणं थांबत आलं होतं.

नाताळ झाला आणि थोड्या दिवसांनी रूथबाई गेल्या. एस्तेरने त्यांना तीच हस्तिदंती साडी नेसवली. कबरस्तानात पाळकांची प्रार्थना झाली. शाळेच्या मुली आल्या होत्या. हिराबाई तीन दिवस त्या घरात चुलीपासून हलल्या नाहीत. "बाई आमाला वरडायच्या, बरं वाटायचं," एवढंच म्हणत होत्या.

वडलांना अकोल्याला न्यायचं एस्तेरने ठरवलं. निघण्याआधी सरांनी बाईंच्या साड्या वाटून टाकल्या, त्यांच्या शाळेत आता शिकवणाऱ्या शिक्षिकांना. प्रत्येक साडी अंगणात उजेडात उलगडून पाहिली, मगच दिली. एका लिंबाच्या रंगाच्या साडीवर जांभळाचा जुना ठिपका राहिला होता. तो त्यांनी घेणाऱ्या मुलीला बोट ठेवून दाखवला. "हा मला नाही निघाला. निऱ्यांत जाईल, पण आहे." मला त्यांनी निळी दिली. मी ती अजून नेसलेली नाही. नेसेन.

पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या कामासाठी मी अकोल्याकडे गेले होते. भातशेतीच्या एका बैठकीनंतर एस्तेरला फोन केला, तर ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता जेवायला ये. डोंगराच्या कडेला त्यांचं घर, समोर भाताची खाचरं, कापणी होऊन गेलेली. सर ओट्यावर बसले होते. थोडे वाळले होते, पण मला पाहून उठले आणि तिथल्या उन्हाबद्दल तक्रार केली: डोंगरामुळे सकाळी उशिरा येतं.

जेवायला नव्या तांदळाचा भात आणि माशाचं कालवण होतं. आम्ही सगळे खाली बसलो. गप्पा झाल्या, हिराबाईंच्या नातवाची बातमी मी सांगितली. एस्तेरचं जेवण झालं, तिच्या नवऱ्याचं झालं, माझं झालं. सरांच्या ताटात निम्मा भात होता. मी हात धुवायला उठले तेव्हा एस्तेर हळू आवाजात म्हणाली, "बसू दे त्यांना. सगळ्यांचं होतं, पप्पांचं चालूच असतं. आईच्या चालीने जेवायची सवय लागलीय. घास घेतात आणि थांबतात."

जीपची वेळ झाली होती. मी दारातून वळून पाहिलं. सरांनी उजवा हात भातात असल्यामुळे डावा हात वर करून मला निरोप दिला. मग एक लहान घास घेतला, सावकाश चावला, गिळला, आणि हात ताटाच्या काठावर ठेवून समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत, घाई न करता, थांबले.